एकाच लॉटचा माल

आठवडी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, दुकानात चार बाया उभ्या असताना खेमसिंगनं प्लास्टिकची पिशवी माझ्या काउंटरवर आपटली अन् सगळ्या गल्लीले ऐकू जाईन अशा आवाजात म्हणाला, "नंदूभाऊ, तुमच्या मालानं आमच्या सुनेचं अंग सोललं! काय विकून राह्यले तुम्ही?"

पिशवीत काय आहे ते उघडून पाहायची गरज नव्हती. माझं दुकान होजिअरीचं. बनियन, चड्ड्या, मोजे, रुमाल, अन् बायांचे आतले कपडे. दिग्रसच्या बाजारात लोक कापसाचा भाव ओरडून करतात, ढोराचा करतात, मिरचीचा करतात, पण माझ्या दुकानाची पायरी चढले का सारे मुके होतात. बाया तं माझ्यासमोर रुमालच मागतात. मंग माझी बायको सुनीती काउंटरवर आली का रुमाल बाजूले सारून खरं काय पाहिजे ते बोटानं दाखवतात. दुकानाचं नाव 'सुनीती होजिअरी'. ते नाव दिलं म्हणून ती मले अजून बोलते. "लोक बायकोच्या नावानं घर बांधतात, तुम्ही माझं नाव चड्ड्यांवर लावलं," म्हणते.

आमच्या घराण्यात तीन पिढ्या नोकरदार. आजोबा तहसीलीत, बाबा पोस्टात, मोठा भाऊ यवतमाळले बँकेत. मीच एकटा निघालो असा. बाबा शेवटपर्यंत पाहुण्यांले 'नंदकिशोरचं कापडाचं दुकान आहे' एवढंच सांगत. तेव्हा माझ्या मालाबद्दल कोणी वाकडं बोललं तं माझं डोस्कं लगेच फिरते. अठरा वर्षं लोकांच्या हसण्यावर मी हे दुकान उभं केलं आहे.

"हळू बोला, खेमसिंगभाऊ," मी म्हटलं. "काय झालं ते नीट सांगा."

खेमसिंग आमच्या गावापासून सात किलोमीटरवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातला. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. त्याच्या पोराचं, ओमचं, लग्न वैशाखात झालं. सून पुसदकडची, सोनू नावाची, बारावी शिकलेली. लग्नाआधी ओम स्वतः आलता दुकानात, कानापर्यंत लाल होऊन, अन् बायकोसाठी तीन जोड घेऊन गेलता. सुनीतीनंच काढून दिले. एक पांढरा, एक गुलाबी, एक काळा.

"पोळा झाला अन् पोरीले खाज सुटली," खेमसिंग म्हणाला. आता त्याचा आवाज जरा उतरला होता. "पाठीवर पट्टा उठला, इथं खाली उठला, कमरेले उठला. पहिले लाल, मंग फोड, आता पाणी वाहून राह्यलं. जिथं हे कपडे, तिथंच. दुसरीकडं अंग साफ. मंग कपड्यानंच झालं ना? का मी येडा हाय?"

चारही बाया कान टवकारून उभ्या. त्यातली एक तं हातातला ब्रेसियरचा डबा असा खाली ठेवत होती का जसा त्यात विंचू आहे. ते पाहून माझा पारा चढला.

"माझा माल खराब?" मी ओरडलो. "अहो, याच लॉटचे दोन डझन विकले मी! एकीची तक्रार नाही! दुसऱ्याचं कायले, माझी बायको घालते याच लॉटमधला! तिले काही झालं नाही, विचारा!"

मागच्या खोलीच्या दारात सुनीती डबे घेऊन उभी होती. तिचा चेहरा पाह्यला अन् मले समजलं का मी काय बोललो. एका बाईनं पदर तोंडात कोंबला.

खेमसिंग मात्र हसला नाही. तो स्टुलावर बसला. "पक्कं?" त्यानं विचारलं.

"पक्कं."

"एकाच लॉटचा माल?"

"एकाच लॉटचा. हा पहा नंबर." मी डबा काढून त्याच्यापुढं धरला. त्यानं पिशवीतल्या रिकाम्या डब्याचा नंबर त्याच्याशी ताडून पाह्यला, एकेक आकडा बोटानं.

"मंग माल चांगला हाय," तो म्हणाला.

"शंभर टक्के."

"मंग पोरगीच खराब हाय."

मी म्हटलं, असं कसं? तो म्हणाला, "घरात सारे म्हणून राह्यले का तिच्या रक्तात दोष हाय. कोणी म्हणते महारोग हाय, माहेरच्यानं लपवला. मीच एकटा अडून होतो. म्हटलं, नाही, कपड्याचा दोष असन, मी दुकानदाराले विचारून येतो. आता तुम्हीच नंबर दाखवला." त्यानं पिशवी उचलली. "पंधरा दिवसांनी तांड्याच्या नायकाची बैठक हाय आमच्या अंगणात. तिचा बाप येईन. घेऊन जाईन तिले. राम राम."

तो गेला. भांडण मी जिंकलो होतो. चार बायांसमोर दुकानाचं नाव साफ झालं होतं. अन् तरी तो नंबराचा डबा मी फळीवर न ठेवता हातातच धरून होतो.

बाया गेल्यावर सुनीतीनं डबे खाली ठेवले. "माझी गोष्ट भर बाजारात सांगतली त्याचं नंतर पाहू," ती म्हणाली. "आधी हे सांगा, तुम्ही काय केलं हे?"

"काय केलं? दुकानाची इज्जत वाचवली."

"अन् त्या पोरीची? तो बिचारा तुमच्याकडं काय मागायले आलता? माल खराब आहे एवढं म्हणवून घ्यायले आलता. तेवढं म्हणाले असते तं पोरगी घरात राह्यली असती."

"मी खोटं बोलू?"

"रोज नाही बोलत? 'पक्का रंग आहे, जाणार नाही' म्हणता ते?"

मी म्हटलं, बाई, रंगाचं खोटं वेगळं अन् हे वेगळं. 'सुनीती होजिअरीच्या मालानं अंग सडते' असं एकदा बाजारात फिरलं का संपलं. दोन हजार पाचचं साल होतं ते. कापसाचा भाव असा पडला होता का लोक फाटकी बनियनसुद्धा दिवाळीपर्यंत ओढत होते. जिनिंगचे हमाल दुपारी बारा वाजता माझ्या ओट्यावर येऊन झोपत, कारण गाड्याच येत नव्हत्या. अशात मी स्वतःच्या तोंडानं माल खराब म्हणू?

पण डोक्यातून ते जाईना. माल चांगला, हे मले पक्कं मालूम. मंग खाज कपड्याच्याच जागी काहून? अन् पोरगी खराब असती तं रोग काय अंगावर शिलाई पाहून बसते?

त्या दोन दिवसांत मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते. त्याच लॉटमधला एक काळा पीस घेतला अन् बनियनच्या आत पोटावर पट्ट्यासारखा बांधून फिरलो. अंगाले रबर चावते का नाही ते पाहायले. घामाघूम झालो, बाजारात गेलो, बँकेत गेलो. काही उठलं नाही. सुनीतीनं पाह्यलं तेव्हा ती खाली बसून हसली. त्या दिवसापासून पहिल्यांदा हसली, म्हणून मले बरंच वाटलं.

मंग तीच म्हणाली, "काही अंगाले रबर सोसत नाही. सगळ्यांले होत नाही, एखादीलेच होते. माझ्या मावशीले घड्याळाच्या पट्ट्यानं होत होतं."

मी उडालोच. हे बेस! ना माल खराब, ना पोरगी खराब! दोघांची इज्जत शाबूत! लगेच तीन जोड काढले, पुरे सुती, रबर कापडात शिवलेलं. स्कूटर काढली, सुनीतीले मागं बसवलं अन् तांड्यावर गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूले कापसाची पऱ्हाटी छातीएवढी झालती अन् माणसं पाठीवर पंप बांधून फवारणी करत होती. बीटी बियाणं आलं तेव्हा लोक म्हणत, आता फवारा लागत नाही. पण मावा-तुडतुडे कुठं बियाण्याची पिशवी वाचतात? वासानं सुनीतीनं पदर नाकाले लावला तो तांडा येईपर्यंत.

खेमसिंगची बायको धनीबाई दारातच भेटली. अंगात जुन्या वळणाची आरशांची काचळी, हातात कोपरापर्यंत बांगड्या. तिनं सुती जोड हातात घेऊन उलटेपालटे केले. "शेठ, आम्ही जन्मभर काचळी घातली," ती म्हणाली. "मागून उघडी. हवा लागते. हे असलं आवळून कोणी बांधलं नाही अंगाले, अन् कोणाले खाज नाही सुटली."

"याडी, हे सुती आहे, कापसाचं," सुनीती म्हणाली. याडी म्हणजे आई, तिले तेवढा एक शब्द येत होता त्यांच्या बोलीतला. "आठ दिवस हेच घालू द्या तिले. जुने फेकून द्या. फरक पडन."

सोनू आत, घुंगटात उभी होती. तिचा हात तेवढा दिसला, जोड घ्यायले पुढं आलेला. नखं मुळापासून कापलेली होती, खाजवू नये म्हणून.

मी खुश होऊन परत आलो. चार-पाच दिवस तं मी गिऱ्हाइकाले रबराची माहितीसुद्धा देऊन राह्यलो होतो.

नवव्या दिवशी ओम आला. दुकानात न येता ओट्याखालीच उभा राह्यला. "काका, जास्त झालं," म्हणाला. "आता रक्त येऊन राह्यलं."

"सुतीनं?"

"सुतीनंच. जुन्यापेक्षा जास्त."

कापूस पिकवणाऱ्या घरात सुती कापडानं अंग सोललं? हे कोणाले सांगू अन् कोण मानन? साबण बदलला का? बदलला. लिंबाच्या पाल्याचं पाणी? केलं. डॉक्टर? ओमनं डॉक्टरले जाऊन सांगतलं का बायकोले खाज आहे. त्यानं पोरगी न पाहताच नायट्याचं मलम लिहून दिलं. तेही लावलं. ओमचे डोळे सुजलेले होते. "तिचा बाप रविवारी येऊन राह्यला," तो म्हणाला. "मले तिले पाठवायचं नाही, काका. पण माझं कोण ऐकते?"

तो गेल्यावर मी डोकं धरून बसलो. सुनीती म्हणाली, "एक सांगू? तुम्ही बोलले, खेमसिंग बोलला, डॉक्टर बोलला, सारा तांडा बोलला. त्या पोरीचं अंग कोणी पाह्यलं का?"

कोणीच पाह्यलं नव्हतं. धनीबाईनं पाह्यलं असन तं तिचं ती जाणे.

शुक्रवारी आम्ही परत गेलो. सुनीती सोनूले घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावलं. मी अंगणात बाजेवर खेमसिंगजवळ बसलो. ओमनं पाणी आणून दिलं तेव्हा त्याचे तळहात दिसले, लालभडक, भेगाळलेले. "हे काय रे?" मी विचारलं. "फवारणीत होतेच काका," तो म्हणाला. मी 'हो का' म्हटलं अन् पाणी प्यालो. अठरा वर्षं अंगावरच्या कपड्यांचा धंदा करणारा माणूस मी, अन् ते डोळ्यापुढं असून मले दिसलं नाही. असा मी हुशार!

अर्ध्या तासानं सुनीती बाहेर आली. खेमसिंगकडं न पाहता मले म्हणाली, "या इकडं. तुमचा माल आहे, तुम्हीच पहा." अन् घराले वळसा घालून ढोराच्या कोठ्याकडं निघाली. पुढं सोनू, मागं मी, अन् चुलीपाशी बसलेली धनीबाईही उठून मागं आली.

जाता जाता सुनीतीनं हळूच सांगतलं. खाज रबराच्या जागी नव्हतीच नुसती. जिथं जिथं कापड टेकते तिथं तिथं होती, पुऱ्या कापडाचा छापा उठलेला. म्हणजे कापडात काहीतरी उतरत होतं. मंग तिनं विचारलं, धुते कशानं? साबणानं. वाळू कुठं घालते? याले उत्तर नाही. तीनदा विचारलं. मंग सोनूनं तिचा हात धरून कोठ्याकडं बोट दाखवलं होतं.

कोठ्यात अंधार होता. कडब्याच्या गंजीमागं, भिंतीले एक खुंटी. खुंटीले फवारणीचा पंप. पंपाखाली ओमचा फवारणीचा शर्ट, न धुतलेला, पापडासारखा कडक. सोनूनं तो शर्ट उचलला. त्याच्याखाली दोरीवर माझे तीन जोड ओळीनं वाळत होते. पंपाच्या नळीतून थेंब शर्टावर, शर्टातून कपड्यावर. वास तोच, रस्त्यावरचा. मले तीन शिंका आल्या.

"अवो पोरी," मी म्हटलं, "इथं काहून?"

ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "इथं कोणी हात लावत नाही, काका. विषाचा शर्ट म्हणून सासरे लावत नाहीत, दीर लावत नाहीत, लहान पोट्टेसुद्धा लावत नाहीत. सगळ्यात लपलेली जागा हीच आहे."

पहिले ती घरामागच्या कुडावर वाळवत होती, लुगड्याच्या खाली झाकून. आषाढात वारा सुटला अन् एक निकर उडून थेट अंगणातल्या बाजेवर पडली. सासरे अन् दोन पाहुणे बसले होते. कोणी काही बोललं नाही. पण धनीबाईनं तिले आत नेऊन सांगतलं, "पुन्हा हे माणसाच्या नजरेले पडलं तं पाहून घे." मंग तिनं अशी जागा शोधली का जिथं कोणाची नजर जाणारच नाही. महिनाभरात फवारणी सुरू झाली.

"सुती कापड जास्त पिते," सुनीती म्हणाली. "म्हणून तुमच्या सुतीनं जास्त झालं."

रागवू कोणावर? आमच्या घरी काय वेगळं आहे? सुनीतीचे कपडे कुठं वाळतात हे वीस वर्षांच्या संसारात मी पाह्यलं नाही अन् तिनं दाखवलं नाही. मी ते विकतो, बरं का. मी धनीबाईकडं पाह्यलं. ती त्या शर्टाकडं पाहत होती. हात तेवढा कडब्यावर टेकवला.

त्याच दुपारी ओमच्या मोटारसायकलवर सोनूले दिग्रसले आणलं. सुनीतीच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईनं अंग पाह्यलं, कपडे हुंगले अन् ओमचे तळहात पाहून त्यालेच झापलं. रोग नाही, रक्तदोष नाही, महारोग तं बिलकुल नाही. फवारणीचं विष आहे. कपडे पुरून टाका, अंग साबणपाण्यानं धुवा, हे मलम लावा, अन् आतले कपडे उन्हात वाळवा. पंधरा दिवसांत उतरन.

मी म्हटलं, संपलं! रविवारी बैठकीत जाऊन सांगतो! माल साफ, पोरगी साफ!

सोनू माझ्या पायाशीच बसली. "काका, नका सांगू," ती रडत म्हणाली. "दहा माणसांत माझे कपडे कुठं वाळत होते ते सांगसान? नायकापुढं? माझ्या बापापुढं? त्याच्यापेक्षा मले माहेरी जाऊ द्या. रोगी म्हणू द्या."

आता करा काय ते! खरं सांगतलं तं पोरगी तोंड दाखवणार नाही. नाही सांगतलं तं पोरगी जाते. माल खराब होता असं म्हटलं तं पोरगी राहते, पण माझं दुकान बसते. अन् तेही चालन एक वेळ, पण उद्या ती कपडे परत त्याच शर्टाखाली घालन. अन् तांड्यातल्या बाकी सुना कुठं वाळवतात ते कोणाले मालूम? दोन दिवस मी जेवलो काय, झोपलो काय, मले आठवत नाही. सुनीतीले विचारलं तं म्हणाली, "तुम्ही ठरवा. त्या दिवशी बोलतानी मले विचारलं होतं?"

रविवारी सकाळी नऊ वाजता मी खेमसिंगच्या अंगणात पोचलो, तरी काही ठरलं नव्हतं. बाजांवर दहा-बारा माणसं. भावसिंग नायक मधात. सोनूचा बाप डोक्याले रुमाल बांधून एका कोपऱ्यात, मान खाली. दाराच्या फटीत सोनूचा घुंगट. माझी बायको तिच्याजवळ जाऊन उभी राह्यली.

"शेठ, तुम्ही आले हे बरं केलं," नायक म्हणाला. "एकच सांगा. माल खराब होता का?"

मी उभा राह्यलो. "होता," मी म्हटलं. खेमसिंगनं मान वर केली. मंग माझंच मले राहवलं नाही. "म्हणजे, नव्हता. माल चांगला आहे. अन् पोरगीही चांगली आहे. डॉक्टरीणबाईनं सांगतलं, कागद आहे माझ्याजवळ. अंगात काही रोग नाही."

"मंग खराब काय हाय?"

"जागा."

"कोणती जागा?"

अठरा वर्षं मी ते विकलं, डझनानं मोजलं, पेट्या उचलल्या. पण दहा माणसांसमोर त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. "ते... कपडे," मी म्हटलं. "कपडे जिथं... म्हणजे धुतल्यावर जिथं..."

"कोणते कपडे?" खेमसिंगनं विचारलं. "धोतर? लुगडं? सरळ बोला ना, नंदूभाऊ."

मी दाराकडं पाह्यलं. घुंगट हालला, नाही म्हणून. मी तोंड उघडलं अन् तसंच मिटलं. सोनूचा बाप उठून पोरीची पेटी घ्यायले दाराकडं निघाला.

तेवढ्यात धनीबाई बाहेर आली. हातात बालटी. ती पुरुषांच्या मधातून सरळ चालत गेली, अंगणात तार बांधली होती तिथपर्यंत. तारेवर खेमसिंगचं धोतर होतं, ते तिनं एका बाजूले सरकवलं. बालटीतून सोनूची ब्रेसियर काढली, पांढरी, नवीन, पिळली, झटकली, अन् माणसांच्या डोक्याच्या उंचीवर, भर उन्हात वाळू घातली. मंग तिची निकर. दोन्हीले चिमटे लावले. पाणी टपटप खाली पडत होतं.

दहा-बारा माणसांच्या माना एकदम खाली. नायक आपल्या पायातल्या जोड्यांकडं पाहून राह्यला.

"ए, काय करून राह्यली!" खेमसिंग ओरडला. "माणसं बसली हायेत!"

"दिसून राह्यलं मले," धनीबाई म्हणाली. "माणसांसाठीच तं लपवत होती पोरगी. कोठ्यात, फवारणीच्या शर्टाखाली, विषाखाली वाळवत होती. मीच म्हटलं होतं तिले का पुन्हा दिसलं तं पाहून घे. तिचं अंग माह्या बोलण्यानं सोललं. कोणाले पाठवायचं असन माहेरी तं मले पाठवा. माह्या माहेरी आता कोणी जित्तं नाही, पण मी जाईन."

ती रिकामी बालटी धरून तिथंच, तारेखाली उभी राह्यली. आतून सोनूच्या रडण्याचा आवाज आला, मोठ्यानं, लाज न धरता. तिच्या बापानं पेटीवरचा हात काढला.

मले वाटलं आता खेमसिंग उठते अन् ते कपडे ओढून फेकते. त्याचे कान लाल झालते. त्यानं तारेकडं पाह्यलं, लगेच नजर फिरवली, परत पाह्यलं.

"नंदूभाऊ," तो खाली पाहतच म्हणाला, "हे असं उन्हात किती दिवस ठेवा लागते?"

"रोज," मी म्हटलं. "धुतले का रोज."

"रोज?"

"रोज."

त्यानं दाढी खाजवली. मंग उठला अन् आपल्या बाजेचा एक पाय धरला.

"ओम, तो दुसरा पाय धर," तो म्हणाला. "आजपासून बाजा मागच्या अंगणात टाकत जाऊ. इथं ऊन चांगलं लागते, ते बायांले राहू दे."

नायक उठला. सोनूचा बाप उठला. एकेक करून सारी माणसं उठली, माना खाली घालून त्यांनी बाजा उचलल्या, अन् तारेले धक्का लागू नये म्हणून जरा वाकून अख्खी बैठक घरामागं निघाली. एका बाजेचा पाय मी धरला होता.